खेळाडूंची निवड : पारख आणि फसगत

नामपूरच्या बाजार समितीच्या आवारांत उन्हाळ कांद्याचा लिलाव चालतो, तो आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. ट्रॅक्टरांची लांब रांग लागलेली असते. व्यापारी मंडळी एका ट्रॉलीजवळ येतात, वरचे दोन-चार कांदे हातांत घेतात, एखादा दाबून पाहतात, रंग व पत्ती पाहतात, आणि मिनिटभरांत बोली संपून रांग पुढें सरकते. शेतकऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचें मोल त्या एका मिनिटांत ठरतें. पुढें माल खळ्यावर ओतला म्हणजे खरा प्रकार उघडकीस येतो. कधीं वरचा माल टपोरा आणि तळाशीं गोल्टी निघते. मग भावाचा वांधा उभा राहतो. कधीं याच्या उलट होतें. ज्याला बेताचाच भाव मिळाला, तोच माल दूरच्या प्रवासांत टिकून राहतो आणि घेणाऱ्याला अनपेक्षित लाभ करून देतो.

माणसांचाहि असाच लिलाव होत असतो, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. परंतु आजच्या धंदेवाईक खेळांच्या जगांत ही नित्याची गोष्ट आहे. तेथें पारख करणारे लोक अनुभवी असतात, त्यांच्यापाशीं पैसा असतो, आंकडे असतात, चलत्‌चित्रें असतात. तरीहि त्यांची पुनःपुन्हां फसगत होते. ती कां होते, याचा विचार खेळाच्या मैदानापुरताच उपयोगी आहे असें नाहीं. घरोघरीं आणि शाळाशाळांतून आपण रोज मुलांची पारख करीत असतों; म्हणून हा विषय आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम सातासमुद्रांपलीकडील उदाहरण घेऊं. बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाच्या डोक्यांतून निघाला. इ. स. १८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय्. एम्. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि बंद दालनांत खेळतां येईल असा खेळ मुलांना लावून दिला. पुढें त्या खेळाचा मोठा व्यवसाय झाला. तेथील प्रमुख व्यावसायिक संघटनेनें, म्हणजे आजच्या एन्. बी. ए. नें, १९४७ पासून नवे खेळाडू वांटून घेण्याची एक पद्धति पाडली. तिला ‘ड्राफ्ट’ असें म्हणतात.

ही पद्धति समजून घेण्यासारखी आहे. येथें बोली नसते; पाळी असते. दरवर्षीं नव्या दमाच्या तरुणांची यादी होते आणि प्रत्येक संघ आपल्या पाळीनें एकेकाचें नांव घेतो. गतवर्षीं जो संघ दुबळा ठरला त्याला साधारणतः आधीं निवडण्याचा मान मिळतो, म्हणजे सबळ संघ अधिक सबळ व दुबळा अधिक दुबळा असें होऊं नये. परंतु शेवटच्या क्रमांकाला असा लाभ मिळूं लागला तर कोणी मुद्दाम हरण्याचा मोह धरील. म्हणून १९८५ पासून अंतिम फेऱ्यांना न पोंचलेल्या संघांमध्यें पहिल्या पाळ्यांसाठीं सोडत काढतात. आतां ही निवड दोन फेऱ्यांत आटोपते. अर्थात् ज्याचें नांव पहिल्यानें उच्चारलें जाईल तो सर्वांत गुणी, आणि ज्याचें चाळिसाव्या-पन्नासाव्या स्थानीं येईल तो जेमतेम, अशीच लोकांची समजूत होते.

ती समजूत किती वेळां खोटी ठरली तें पाहा. १९८४ सालीं ह्यूस्टनच्या संघानें हकीम ओलाजुवान याला पहिलें स्थान दिलें. दुसरी पाळी पोर्टलंडची होती. त्यांनीं सॅम बोवी नांवाचा उंचापुरा तरुण निवडला. तिसरी पाळी शिकागोची. त्यांच्या वांट्याला मायकेल जॉर्डन आला. पुढें या जॉर्डननें आपल्या संघाला सहा वेळां विजेतेपद मिळवून दिलें आणि त्याचें नांव जगभर झालें. पोर्टलंडच्या लोकांना बुद्धि नव्हती काय? तसें नव्हे. जॉर्डनच्या जागीं खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हा उत्तम गडी त्यांच्यापाशीं आधींच होता, आणि त्यांना उंच मध्य-खेळाडूची निकड होती. गरज पाहून त्यांनीं निवड केली, गुण पाहून केली नाहीं. बोवीच्या पायाला महाविद्यालयांत असतांनाच मोठी दुखापत झालेली होती, आणि पुढेंहि तिनें त्याची पाठ सोडली नाहीं. तरी तो १९९५ पर्यंत खेळत राहिला व सामन्यागणिक सरासरीनें दहाहून अधिक गुण मिळवीत गेला. म्हणजे तो गडी कमअस्सल नव्हता; त्याचें दुर्दैव एवढेंच कीं त्याच्या मागून लगेच जॉर्डनचें नांव उच्चारलें गेलें, आणि लोक त्याला जन्मभर त्या मापानें मोजीत राहिले.

२०१३ सालीं अँथनी बेनेट हा पहिल्या क्रमांकानें निवडला गेला. चार वर्षांत चार संघ फिरून त्याची तेथील कारकीर्द संपली. त्याच वर्षीं पंधराव्या स्थानीं ग्रीस देशचा यानिस आंटेटोकुम्पो हा सडपातळ मुलगा मिल्वॉकीच्या संघानें घेतला. तो २०१९ व २०२० सालीं सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि २०२१ मध्यें त्यानें आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिलें. याहून विलक्षण गोष्ट सर्बियाच्या निकोला योकिचची. २०१४ मध्यें दुसऱ्या फेरींत ४१ व्या स्थानीं त्याचें नांव आलें, तेव्हां दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती! हा स्थूल व मंद दिसणारा तरुण पुढें तीन वेळां सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि २०२३ मध्यें डेन्व्हरच्या संघाला त्यानें विजेतेपद मिळवून दिलें. त्याची धांव मंद होती, हें पारख्यांनीं बरोबर पाहिलें. त्याची दृष्टि व समज किती जलद आहे, हें मात्र बहुतेकांच्या नजरेंतून निसटलें.

आपल्या देशालाहि या निवडींत एकदां स्थान मिळालें. पंजाबांतील बल्लोके या खेड्याचा सतनामसिंग २०१५ सालीं ५२ व्या स्थानीं डॅलसच्या संघानें निवडला. निवड होणारा तो पहिला भारतीय. परंतु मुख्य स्पर्धेंत एकहि सामना खेळण्याची संधि त्याला लाभली नाहीं. उशिरा निवडलेला प्रत्येक जण योकिच होत नाहीं, हें यावरून ध्यानांत ठेवावें. याकडे मी पुढें पुन्हां वळणार आहें.

आतां आपल्या मातींतील खेळाकडे येऊं. हुतूतू म्हणून जो खेळ आपले आजे-पणजे खळ्यांत व नदीच्या वाळूंत खेळले, त्याच्या नियमांना शिस्त लावण्यांत महाराष्ट्रानें मोठा वांटा उचलला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशी प्रेक्षकांपुढें करून दाखविलीं. १९९० पासून कबड्डीला आशियाई खेळांत स्थान मिळालें. २०१४ सालीं प्रो कबड्डी नांवाची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, आणि कबड्डीपटूंचाहि लिलाव होऊं लागला. त्या पहिल्या लिलांवांत सर्वांत महाग खेळाडू राकेशकुमार हा होता. त्याला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले. दहा वर्षांच्या आंत ही मजल अडीच कोटींच्या वर गेली!

कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई याचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. २०१८ मध्यें मुंबईच्या संघानें त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलें. नवख्या गड्याला ही किंमत थोडी नव्हे. पण त्यानें पहिल्याच हंगामांत चढाईचे २१८ गुण मिळविले, तेव्हां ती स्वस्त वाटूं लागली. दुसऱ्या वर्षीं तेलुगु संघानें त्याच्यासाठीं १ कोटि ४५ लाख मोजले, म्हणजे जवळजवळ चौपट! त्यानें कामगिरी कशी केली? चढाईचे २१७ गुण. म्हणजे पहिल्यापेक्षां एकच कमी. तरीहि त्याचा संघ बारांपैकीं अकरावा आला, आणि लोक निराश झाले. येथें विचार करा. खेळाडू तोच, गुण तेवढेच. बदलली ती फक्त किंमत आणि तिच्यासवें वाढलेली अपेक्षा. पुढें खांद्याच्या दुखापतीनें त्याला गांठलें, मोल उतरलें. आणि २०२३ सालीं हरियाणाच्या संघानें पुन्हां एक कोटीला त्याला घेतलें. भाव चढला, उतरला, पुन्हां चढला. माणूस एकच होता.

२०२२ सालीं पवन सेहरावत याला तामिळ संघानें २ कोटि २६ लाखांना घेतलें. हंगामांतील पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला, आणि वर्षभर तो मैदानाबाहेर राहिला. संघ आतां बुडाला असें सर्वांना वाटलें. परंतु नरेंदर नांवाचा एक नवखा तरुण त्याच्या पश्चात् उभा राहिला. त्यानें चढाईचे २४३ गुण मिळविले आणि तो संघ प्रथमच उपांत्य फेरीस पोंचला. पुढील वर्षीं पवनला तेलुगु संघानें २ कोटि ६० लाखांहून अधिक रक्कम दिली. तो स्वतः चांगला खेळला; परंतु त्या संघानें २२ सामन्यांपैकीं अवघे दोनच जिंकले व तो तळाशीं राहिला. कबड्डी सात जणांचा खेळ आहे. एका हातांत सोन्याचें कडें घातलें म्हणून दुसरा हात बळकट होत नाहीं.

याच हंगामांत पुण्याच्या संघानें काय केलें तेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांनीं इराणचा मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटि ३५ लाखांना घेतलें, आणि पकडींच्या गुणांत तो सर्वांच्या पुढें राहून त्या किंमतीला उतरला. परंतु संघाची धुरा त्यांनीं दिली ती अस्लम इनामदार या तरुणाकडे. हा अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील टाकळीभानचा. बालपणींच पितृछत्र हरपलेलें, आईनें कष्ट करून वाढविलेला. तो मोठ्या बोलीनें आलेला नव्हता. नवे तरुण घेऊन त्यांना घडविण्याची जी वाट आहे, तिच्यानें आला होता. आपल्या नाशिकचा आकाश शिंदे हाहि त्याच संघांत घडला. २०२३ च्या ऑक्टोबरांत हांगचौ येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत हे दोघेहि होते. आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें अस्लमच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या संघानें हरियाणाला २८-२५ असें हरवून पहिलेंवहिलें विजेतेपद पटकाविलें. महाग माणूस घेणें ही चूक नव्हे, आणि स्वस्तांत मिळालेला हिरा हा केवळ नशिबाचा खेळहि नव्हे. त्याला पैलू पाडणारा कोणी असावा लागतो.

क्रिकेटमध्येंहि अशीं उदाहरणें आहेत. पुण्याचा ऋतुराज गायकवाड २०१८ च्या डिसेंबरांत अवघ्या २० लाखांच्या मूळ किंमतीला चेन्नईच्या संघांत गेला. २०२१ सालीं ६३५ धांवा करून तो त्या स्पर्धेंत सर्वांच्या पुढें राहिला, व २०२४ मध्यें संघाचा कर्णधार झाला. मुंबईचे प्रवीण तांबे यांना तर मोठ्या दर्जाचा एकहि सामना खेळण्यापूर्वींच, वयाच्या ४१ व्या वर्षीं, २०१३ सालीं राजस्थानच्या संघानें संधि दिली. पुढील वर्षीं त्यांनीं कोलकात्याविरुद्ध लागोपाठ तीन गडी बाद करून दाखविले. उलट, पृथ्वी शॉ या तरुणानें २०१८ मध्यें अठराव्या वर्षीं पहिल्याच कसोटींत शतक झळकाविलें, तेव्हां त्याच्या भविष्याविषयीं कोणालाच शंका नव्हती. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरांतील लिलांवांत त्याच्यावर कोणींच बोली लावली नाहीं. आपल्याकडे म्हण आहे कीं बाळाचे पाय पाळण्यांत दिसतात. दिसतात खरे; परंतु ते पाय पुढें कोणत्या वाटेनें आणि किती दूर चालतील, हें पाळण्यांत दिसत नाहीं.

मग जाणत्यांचीहि फसगत कां होते? मला चार कारणें दिसतात. पहिलें, जें सहज मोजतां येतें त्यावर भर दिला जातो. उंची, वजन, धांवण्याची गति यांना टेप आणि घड्याळ लावतां येतें. धीर, समज आणि शिकण्याची ओढ यांना माप नाहीं. दुसरें, निवडणाऱ्याची निकड त्याच्या डोळ्यांवर झांपड आणते. पोर्टलंडचें तसेंच झालें. तिसरें, वय. अठराव्या वर्षीं दोघे सारखे दिसले तरी एकाची वाढ पुरी झालेली असते आणि दुसऱ्याची नुकतीच सुरू झालेली असते. चौथें, दुखापत आणि दैव. यांवर कोणाचाच ताबा नसतो.

तथापि यावरून कोणी असा निष्कर्ष काढूं नये कीं सर्वच पारख व्यर्थ आहे. आपण योकिचचें नांव लक्षांत ठेवतों. परंतु दुसऱ्या फेरींत निवडलेले कितीतरी तरुण एकहि सामना न खेळतां घरीं परतले, त्यांचीं नांवें आपण ऐकतहि नाहीं. सरासरीनें पाहतां आधीं निवडलेलेच अधिक यशस्वी होतात. म्हणून ‘माझी निवड झाली नाहीं, अर्थात् मी थोर होणार’ असें समजणें हा भाबडेपणा होय. खरा धडा इतकाच : पहिला अंदाज हा अंदाज असतो, निकाल नव्हे. अंदाज करणाऱ्यानें तो पुन्हां तपासावा, आणि ज्याच्याविषयीं तो केला त्यानें त्यापुढें मान टाकूं नये.

येथें माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शाळेंत कबड्डीचा संघ निवडण्याचें काम मजकडे आलें होतें. मीं एकाच संध्याकाळीं चांचणी घेतली, अंगापिंडानें भरलेलीं मुलें उचललीं आणि यादी फळ्यावर लावली. एक किडकिडीत मुलगा रोज मैदान आंखायला येई, फक्की टाकी, सर्वांच्या आधीं येऊन सर्वांच्या मागून जाई. त्याचें नांव यादींत नव्हतें. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर यावयाचा मात्र थांबला. तो पुढें मोठा खेळाडू झाला असता असें मी म्हणत नाहीं. माझी खंत वेगळीच आहे. मीं त्याला बोलावून एवढेंच म्हणावयास हवें होतें, ‘बाळ, यंदा नाहीं, पण सराव सोडूं नकोस. तुझ्या पकडींत अमुक उणें आहे, तें भरून काढ.’ दोन वाक्यांचें काम होतें. तीं मीं बोललों नाहीं. बाजारांत ज्या मालाला बोली लागत नाहीं तो शेतकरी परत घरीं नेतो, चाळींत नीट पसरतो, पुन्हां निवडतो. मुलाच्या बाबतींत मीं तेवढेंहि केलें नाहीं.

पालकवर्गास माझी विनंती आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशीं गुणपत्रिका हातांत येते, तीहि एक बोलीच असते. जिच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले त्या माउलीनें पेढे अवश्य वांटावे. परंतु त्या मुलावर चौपट किंमतीचें ओझें लादूं नये, नाहींतर पुढच्या वर्षीं तितकेच गुण मिळवूनहि तो घरच्यांना नापास वाटूं लागेल. आणि ज्याच्या मुलाला पन्नास मिळाले त्यानें शेजाऱ्याच्या मुलाचें नांव घेऊन त्याला हिणवूं नये. सॅम बोवीला लोकांनीं जें केलें तें आपण आपल्या घरांत कां करावें? मूल लिलांवांतला माल नाहीं. त्याचा भाव एका दिवसांत ठरत नाहीं आणि दुसऱ्या कोणी ठरवावा असाहि नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला सांगावयाचें तें थोडें आहे. निवड झाली तर गर्व न करतां पहिल्या दिवसाइतकाच सराव दुसऱ्या दिवशीं करा. कारण मोल वाढलें म्हणून बळ वाढत नसतें. निवड झाली नाहीं तर शिक्षकांपाशीं जाऊन नम्रपणें विचारा, ‘गुरुजी, माझें काय उणें पडलें?’ हा प्रश्न विचारावयास धैर्य लागतें. परंतु त्याच्या उत्तरांतच पुढच्या वर्षाची तयारी असते. आणि संघांत असलेल्यांनीं बाहेर राहिलेल्या सोबत्याला सरावाला हांक मारावी; पवन जायबंदी झाला तेव्हां संघाला सांवरणारा गडी आधींपासून सरावांत होता, म्हणूनच तो वेळेवर उपयोगीं पडला.

येत्या वर्षीं फळ्यावर पुन्हां यादी लागेल. बारा नांवें असतील, आणि जीं नसतील तीं त्याहून कितीतरी अधिक असतील. यादी लावणाऱ्यानें फळ्याकडे पाठ फिरवून त्या दुसऱ्या मुलांकडेहि एकवार पाहावें, आणि त्या मुलांनींहि दुसऱ्या दिवशीं मैदानावर यावें, एवढीच माझी इच्छा आहे.